पाचवं कडवं

मराठी चौथीतून माझं नाव निघालं, तेव्हा लघु-गुरू कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं. ते पुढच्या इयत्तांत होतं. वडील गेले, शाळा सुटली. आमच्या खाडीकाठच्या गावातला एक गृहस्थ भुसावळला रेल्वेत होता, त्याच्या ओळखीने मी जळगावच्या एका छापखान्यात येऊन पडलो. घर इतकं लांब की पत्राचं उत्तर येईपर्यंत मी काय विचारलं होतं तेच विसरून जायचो.

छापखान्याच्या मालकांना सगळे आबा म्हणत. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप भरला, तेव्हा आबांनी मला उचलून आपल्या घरी नेलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही हे पाहून अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, तीन आठवडे माझ्यासाठी वेगळा मऊ भात करत होत्या. ज्या घरात रोज भाकरी होते तिथे एका परक्यासाठी वेगळं पातेलं चढवणं म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळत होतं. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं आबांनी नुसती हाक मारली तरी आधी मनात यायचं, काय चुकलं? कधी काढतील? असं काढायचं त्यांच्या मनात आलं होतं असं नाही. पण मला तसं वाटायचं.

काम शिकवलं नानांनी. नाना मूळचे एरंडोलकडचे, धुळ्याच्या छापखान्यात हात बसलेले, आमच्याकडचे सगळ्यांत जुने कंपोझिटर. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, ती लाकडी केसच्या खणांतून एकेक उचलायची आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उलटी लावत जायची. मी सुरुवातीला मजकूर वाचत वाचत लावायचो, म्हणून हळू व्हायचो. नाना म्हणायचे,

"अरे भो, तू वाचस कसाले? वाचानं काम आपलं नही शे. जसं शे तसं लाव."

"पण नाना, चुकीचं असलं तर?"

"चुकीचं शे तर चुकीचं लाव. लिहिणाऱ्याची चूक लिहिणाऱ्याले पावो. तू मधमा हात घालू नको."

मी हात घातला नाही. निदान चार-पाच वर्षं तरी. आमच्या छापखान्याचं वैशाखातलं काम म्हणजे लग्नपत्रिका आणि मंगलाष्टकं. त्या काळी बऱ्या स्थितीतल्या घरांत प्रत्येक लग्नाला वेगळी मंगलाष्टकं रचून घेत, गुलाबी कागदावर छापत आणि मांडवात वाटत. एका लग्नाची आठ कडवी, अशी एका हंगामात तीसेक लग्नं. मी ती वाचत नव्हतो, पण बोटं वाचत होती. दीर्घ अक्षराचे खिळे कोणत्या खणात, ऱ्हस्वाचे कुठे, हे बोटांना पाठ. हळूहळू असं झालं की ओळीत बारा अक्षरं झाली की माझा हात आपोआप क्षणभर थांबे, आणि जिथे दीर्घ पाहिजे तिथे कवीने ऱ्हस्व घातलेलं असलं तर हात दीर्घाच्या खणाकडे जाऊन रिकामा परत येई. याला शार्दूलविक्रीडित म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. नाव कळण्याआधी चाल कळली, एवढंच माझं शिक्षण.

लढाईची वर्षं होती. कागद मिळत नव्हता. मंगलाष्टकांच्या प्रती शंभरावरून साठावर आल्या, आणि लोक हस्तलिखितं आमच्याच जुन्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठीवर लिहून आणू लागले. रावेरच्या बाजूचे एक केळीवाले शेतकरी आपल्या मुलीच्या लग्नाची अशीच आठ चिठोऱ्यांवरची कडवी घेऊन आले. रचणारे त्यांच्या गावचे पेन्शनीत निघालेले गुरुजी. "परवा माणूस येईल न्यायला," असं सांगून ते दुपारच्या गाडीने गेले.

दुसऱ्या दिवशी मी लावायला बसलो. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मग हातात आलं ते सहावं.

पाचवं नव्हतं. टेबलाखाली पाहिलं, केसच्या मागे पाहिलं. आणि मग मला सकाळ आठवली. फर्म्यावरची, म्हणजे बांधून ठेवलेल्या खिळ्यांवरची, शाई पुसायला मी टेबलावरचा एक जाहिरातीचा कागद उचलला होता. छापलेली बाजू वर होती, पाठ मी पाहिलीच नाही. मी धावत जाऊन घासलेटच्या डब्याशेजारचा बोळा उलगडला. काळा ठिक्कर. एक अक्षर दिसेना.

आता शहाण्या माणसाने काय करावं? आबांना सांगावं. आबा त्या वेळी घरी जेवायला गेले होते, नाना मागच्या खोलीत पंचा अंगावर घेऊन पडले होते, बाहेर वैशाखातलं ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. सांगायला एक तास होता. तो तास मी फक्त आबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणण्यात घालवला असता तरी चाललं असतं. पण मी स्टिक हातात घेतली, का ते आजही नीट सांगता येत नाही. भीती होती हे खरं. पण भीतीबरोबर आणखीही काहीतरी होतं, आणि ते आतून केव्हापासून बसून होतं.

कागदावर काही लिहिलं नाही. सरळ खिळेच उचलत गेलो.

केळीची हिरवी पताक डुलते, दारी उभे पाहुणे
आईच्या नजरेत पूर दडला, ओठी हसू थांबले
जा पोरी सुखरूप सासरघरी, मागे नको तू बघू

चौथी ओळ 'कुर्यात् सदा मंगलम्'ने संपवली, तशी सगळेच संपवतात. तिसरी ओळ लागली तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. मी घरून निघालो तेव्हा आई तरीवर, होडी सुटते त्या काठावर, उभी होती, ते मला त्या लग्नाच्या कडव्यात दिसत होतं. हे मी केलं? या हातांनी? अर्धा तास मी इतका सुखात होतो की अपराध विसरूनच गेलो होतो.

मग प्रूफ वाचायची वेळ आली. आमची रीत अशी की एकाने मूळ लिखाण मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून तपासायचं. मूळ वाचणारा मी, तपासणारे नाना. चौथं कडवं झालं. मी तेच चिठोरं पुन्हा वर धरलं आणि पाचवं पाठ म्हणालो. नानांचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"परत म्हन."

मी परत म्हणालो.

"गुरुजीनं हाई कडवं बरं लिखेल शे," नाना म्हणाले. "बाकीनी नुसती नावांनी यादी शे. या कडव्यामा जीव शे." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुनं तोंड का बरं उतरेल शे? ऊन लागनं का, कोकण्या?"

मी हो म्हणालो. छपाई झाली. माणूस आला, गुलाबी गठ्ठा घेऊन गेला.

दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. ट्रेडल मशीनचा खडखडाट थांबला की मला वाटायचं, कोणीतरी आलं. पण खरी धडकी भरली ती तिसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्याच लग्नाची मंगलाष्टकं लावताना. पाचव्या कडव्यात शब्द आला, मातुल. म्हणजे मामा. त्याच्यापुढे मामाचं नाव, गाव. माझा हात तिथेच थांबला. मी मागची सगळी आठवायला लागलो. पहिलं गणपतीचं, दुसरं कुलदेवतेचं, मग वराचे वडील, वधूचे वडील, मग मामा, मग काका, आत्या. नाना ज्याला यादी म्हणत होते ती यादी हाच तर त्या कडव्यांचा धर्म होता. केळीवाल्यांच्या लग्नात वराचे आजोबासुद्धा होते. मामा नव्हता. त्याच्या जागी माझी आई उभी होती, तरीवर.

परगावच्या वाचकाला वाटेल, एवढं काय. पण खानदेशात नवरीला मांडवात आणतो तो मामा, तिच्या मागे उभा राहतो तो मामा, आणि मामा रुसून बाहेर बसला तर अक्षता हातातच राहतात. लग्न त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर होतं. त्या घरच्या लोकांनी माझं काहीही वाईट केलेलं नव्हतं.

मी आबांच्या टेबलापाशी गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिठोरं, शाई, स्टिक, प्रूफ, मातुल. आबांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले,

"गाडीला अजून वेळ आहे. जा. ज्यांचं कडवं होतं त्या गुरुजींना हेच सांग. घरच्यांना नाही, आधी गुरुजींना."

"आणि मग, आबा?"

"मग ये. मग बघू."

भुसावळला गाडी बदलेपर्यंत आणि त्यानंतर दीड कोस केळीच्या बागांतून चालताना माझ्या कानात ते 'मग बघू' वाजत होतं. पाटाचं पाणी वाहत होतं, बागांत गार होतं, आणि मला घाम सुटलेला.

गुरुजी ओट्यावर बसले होते. धोतर, उघडं अंग, मांडीवर तोच गुलाबी गठ्ठा. म्हणजे वाचून झालं होतं. मी पायाशी बसलो आणि बोलायला लागलो, तर ते म्हणाले,

"थांब. कवी कोण ते आधी सांग."

"कवी कोणी नाही, गुरुजी. मी कंपोझिटर."

"कितवी?"

"मराठी चौथी. तीही अर्धी."

ते मोठ्याने हसले. मग हसू गेलं. "मुलीला मामे तीन. एका कडव्यात तीन नावं, आणि आधी कोणाचं म्हणून तिघांत भांडण. त्या चार ओळींना मला आठ दिवस लागले होते, माहीत आहे? दावणीत एका खुंट्याला तीन बैल बांधले होते मी. आणि तू शाई पुसलीस."

"तुम्हाला आठवत असेल ना? म्हणा, मी कागदावर—"

"आठवतंय. पण साठ कागदांवर तुझं छापलंय, मी तोंडाने माझं म्हटलं तर मांडवात सगळे कागद बघतील आणि मग माझ्या तोंडाकडे बघतील. तुझंच दुरुस्त करू. वाच." मी वाचलं. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. "ही काढ."

मला म्हणावंसं वाटलं, पहिली घ्या, दुसरी घ्या. "गुरुजी, तीच तर..."

"चांगली आहे. म्हणूनच काढ म्हणतो. ती कुठल्याही मुलीला चालेल, या मुलीची नाही. आणि तू कोणाला आठवून लिहिलीस ते मला दिसतंय. त्या माणसाला दुसरीकडे जागा दे. इथे मामा पाहिजे."

मग आम्ही दोघं बसलो. मी ओळ म्हणायचो, ते नुसते मांडीवर बोटांनी ताल धरायचे आणि अडलं की थांबायचे. 'मामांनी' म्हटलं की पुढे गाडी अडायची. मातुल म्हटलं की ते तोंड वाकडं करायचे, "या घरात कोणी मातुल म्हणतं का?" छापखान्यात जी गोष्ट अर्ध्या तासात झाली तिला इथे दुपार लागली. हात रिकामे होते, खिळे नव्हते. मी बोटं नुसती हवेत हलवत होतो आणि ते मला हसत होते. शेवटी आलं,

मामाचा कर सोडताच थबके, पाऊल मागे वळे

गुरुजींनी ती एकदा मांडीवर ताल धरून म्हटली. मग म्हणाले, "तिघांपैकी कोणाचा, ते आपण बोललो नाही. बरं झालं."

पण आम्ही शिसपेन्सिल शोधेपर्यंत थोरले मामाच ओट्यासमोर येऊन उभे राहिले. डोक्याला नवा फेटा, हातात गुलाबी कागद. मागे धाकटे दोघे.

"कावो गुरुजी," ते म्हणाले, "आमी तिघं भाऊ जित्ते हाये ना अजून?"

"बसा, भाऊ."

"बसत नाही. नवरदेवाचा आजा याच्यात हाये, तो मरून बारा वर्षं झाले. आमी बैलगाड्या जुपून आलो, आमचं नाव कुठी हाये?"

गुरुजी काही बोलणार, तेवढ्यात मी उठलो. ते माझं धैर्य नव्हतं. मी आणखी एक मिनिट थांबलो असतो तर पळालो असतो. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "गुरुजींनी लिहिलं होतं. मी हरवलं, आणि आपल्या मनाचं घातलं."

"छापखान्यावाला तू का?" त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मनाचं घातलं म्हन्जे? तुह्या घरचं लगन हाये का?"

"नाही."

"मंग?"

गुरुजी म्हणाले, "त्याने आता दुरुस्त केलंय. ऐकून तर घ्या."

"म्हन."

मी म्हणालो. माझा आवाज चिरका, त्यात कोकणी हेल. तिसऱ्या ओळीला धाकटे दोघे खाली बघायला लागले. थोरले तसेच.

"कोन्त्या मामाचा हात?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते ओट्याच्या खांबाकडे बघत होते. म्हणजे हे मलाच सांगायचं होतं.

"जो शेवटी सोडेल त्याचा," मी म्हणालो.

मग सगळ्यांत धाकटे म्हणाले, "मंग तर मीच. दादा तर जेवनाची पंगत पाहायले पह्यले पयतो."

"चूप रे," थोरले म्हणाले, पण मिशीत हसून. कागद माझ्यापुढे टाकला. "बोलून काय फायदा. लोक कागद पाहातात. साठच्या साठ कागदांवर लिही. आन् मुहूर्ताच्या आत."

मी लिहिलं. गुरुजींच्या ओट्यावर मांडी घालून, छापलेल्या तिसऱ्या ओळीवर रेघ मारून वर नवी. पहिल्या दहावीस वेळा ती रेघ मारताना हात जड व्हायचा. नंतर फक्त एकच काळजी उरली, ऊन कुठे आलं. तिघे मामे आळीपाळीने येऊन बघून जात होते. पन्नासाव्या की कितव्या तरी कागदावर मी 'थबके'च्या जागी 'थिजते' लिहायला निघालो होतो, कारण मला वाटलं तेच जास्त बरं आहे. गुरुजींनी माझं मनगट धरलं. "अरे," ते म्हणाले, "आता पुरे. आता ती त्यांची आहे."

मांडवात मी मागे, केळीच्या खांबाला टेकून उभा होतो. अंतरपाट धरला. गुरुजींनी एकेक कडवं म्हटलं, त्यांचा घसा बसलेला होता. पाचव्याला मला नवरीकडे बघवेना. मी मामांचे पाय बघत होतो, तीन जोड्या नव्या वहाणा. तिसरी ओळ आली. कोणी हललं नाही, कोणी मांडवाबाहेर गेलं नाही. थोरल्यांनी एकदा फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं. घाम असेल, उकडत होतं. अक्षता पडल्या आणि मी तिथेच खाली बसलो.

पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. धाकटे मामा स्वतः वाढायला आले आणि माझ्या पत्रावळीत तुपाची धार धरून म्हणाले, "घे, कवी. नाव नाही, गाव नाही, अन् जेवाले पह्यल्या पंगतीत."

मी हसलो खरा. पण जळगावला 'मग बघू' बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात शिरलो तेव्हा आबा टेबलाशी होते. गाडीत मी त्यांना काय सांगायचं ते जुळवत आलो होतो, आणि प्रत्येक वेळी ते जरा जास्तच चांगलं जुळत होतं, म्हणून मग सगळं टाकून दिलं आणि झालं तसं सांगितलं. मामांचं, ओळ बदलल्याचं, साठ कागदांचं. नाना केसपाशी होते, पण त्यांचा खिळ्यांचा आवाज बंद झालेला मला ऐकू येत होता.

आबांनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं,

"बाकीची सात तरी गुरुजींची जशीच्या तशी आहेत ना?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. कोणालाच कळलं नसतं, गुरुजींनासुद्धा कळलं नव्हतं. किंवा कळूनही ते बोलले नव्हते.

"एक शब्द," मी म्हणालो. "सातव्यात. ओळ अडत होती."

मागून नानांचा आवाज आला, "अरे देवा."

आबांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत लावला. त्यांनी मला रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते, जसं एखादं प्रूफ बघावं.

"पुढचं वर्षभर," ते म्हणाले, "मंगलाष्टकांना तू हात लावायचा नाहीस. जाहिराती, हुंडीची पानं, शाळेचे तक्ते. तेवढंच."

मी मान हलवली आणि माझ्या जागेवर आलो. स्टिक हातात घेतली तरी काही वेळ काहीच उचललं नाही. पुढचं वर्षभर, असं ते म्हणाले होते. म्हणजे पुढचं वर्षभर मी इथेच असणार होतो.